जाफराबादच्या केशरबाई समुद्राला जातात

जाफराबादला समुद्र नाही, यात जाफराबादची काही चूक नाही. पूर्णा आहे, पण तीही वर्षातले बरेच महिने वाळूतून अंग चोरून वाहते. अशा गावातल्या बाईला दीपगृहांचं वेड लागलं, म्हणजे लोकांना चघळायला आयताच विषय मिळाला. केशरबाईंनी तो त्यांना खुशाल चघळू दिला आणि स्वतः गाडी शिकायला लागल्या.

उभी नोकरी त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. रोज प्रवास आणि रोज संध्याकाळी परत तिथंच. तिकिटाच्या बाबतीत बाई इतक्या कडक, की एकदा खुद्द नवरा, तातेराव, गाडीत चढले तर त्यांच्याही हातात तिकीट ठेवलं. तातेरावांनी निमूट पैसे काढले. बायकोशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो, हे त्यांना फार आधी कळलं होतं.

निवृत्तीच्या वर्षी डेपोतल्या बायकांची कोकणात सहल गेली. बाकीच्या कोकम सरबताच्या बाटल्यांचा भाव करत होत्या आणि केशरबाई जयगडच्या दीपगृहाखाली मान वर करून उभ्या होत्या. वर एक समुद्रगरुड घिरट्या घालत होता. तो खाली कधी येतो ते बघावं, एवढीच त्यांची इच्छा. तेवढ्यात सहलीच्या गाडीनं हॉर्नवर हॉर्न वाजवले. जन्मभर "चला, चला" म्हणून दुसऱ्यांना पिटाळणारी ही बाई त्या दिवशी स्वतः पिटाळली गेली, आणि तिला सणकून राग आला. तो राग पुढं फार कामाचा निघाला.

सगळी दीपगृहं आपल्या वेळेनं बघायची म्हणून त्यांनी शाळेची एक जुनी व्हॅन घेतली. गाडी शिकवली राधेश्यामनं, त्यांच्याच फेरीवरच्या ड्रायव्हरनं. "बाई, अर्धी जिंदगी तुम्ही मला थांबवलं," तो म्हणायचा, "आता क्लच तरी जरा हळू सोडा." बाजारपेठेतल्या लग्नाच्या फोटोग्राफरनं जुना कॅमेरा दिला, पूर्णेकाठच्या बगळ्यांचे फोटो काढून वर्षभरात त्यावर हात बसला. तातेरावांनी व्हॅनमध्ये बाज बसवली, शेगडीला जागा केली, आणि घरच्या कापसाची गादी स्वतः जाऊन भरून आणली. समोरच्या काचेशी बाबासाहेबांचा छोटा फोटो लावला. तोंडानं मात्र "जा" असंही म्हणाले नाहीत आणि "नको" असंही नाही. ज्याला माणूस ओळखता येतो त्याला गादीकडे बघून सगळं कळावं.

अडून बसली ती लेक. पायल जालन्याला नर्स. अपघाताचे पेशंट रोज बघणारी ती, तिला रस्ता म्हटलं की आधी स्ट्रेचर दिसायचं.

"तिकडं आपलं कोण हाय, आई? एकटी बाईमाणूस, गाडीत झोपणार. काही झालं तर कुणाला हाक मारशील?"

"काही होत न्हाई."

"मंग माझी एक शर्त. गाडी फसली, बंद पडली, कुणाची मदत मागायची पाळी आली, तर तिथूनच परत फिरायचं. पुढं एक पाऊल न्हाई."

"कबूल," केशरबाई म्हणाल्या. आणि केशरबाईंचं कबूल म्हणजे कबूल.

जयगडपासून त्या किनाऱ्या-किनाऱ्यानं दक्षिणेला उतरत गेल्या. या वेळी हॉर्न वाजवणारं कुणी नव्हतं. वाळूच्या इवल्या गोळ्या करणारे खेकडे बघायला त्या पालथ्या पडून राहायच्या, आणि साठीच्या उंबरठ्यावरची बाई किनाऱ्यावर अशी पालथी पडली की लोक धावत यायचे, घेरी आली की काय म्हणून. दीपगृहं तर त्यांनी सकाळी टिपली, दुपारी टिपली, पायऱ्या चढून वरून खाली टिपली. गरुड मात्र प्रत्येक वेळी लांब, ठिपक्याएवढा. शेवटचं वेंगुर्ल्याचं दीपगृह तेवढं राहिलं होतं.

त्याच्या अलीकडच्या एका गावात ती चूक घडली. ओहोटी होती. समुद्र लांब सरकलेला, वाळू ओली आणि घट्ट. जाफराबादच्या माणसाला असं पात्र दिसलं की तो गाडी खाली घालतो. पूर्णेत ट्रॅक्टर उतरतात, वऱ्हाडाच्या जीपा लागतात, कुणी गाड्या धुतात. पाणी येणार तर वरून येणार, आणि वर आभाळ आलं की आधी कळतं. केशरबाईंनी रीतसर मागं वळून वरच्या अंगाला, डोंगराकडे बघितलं. आभाळ निरभ्र. मग पाणी येणार कुठून? त्यांनी बिनधास्त व्हॅन पार खाली नेली आणि कॅमेरा घेऊन खडकावर जाऊन बसल्या.

गरुड आला. पंख ताणून, पाय पुढं काढून पाण्यावर उतरला आणि मासा घेऊन उठला. इतका जवळ, की माशाची तडफड दिसावी. केशरबाईंनी श्वास रोखून फोटो घेतले. शेवटी कॅमेरा खाली केला तेव्हा डोळे भरून आले होते. त्याच भरल्या डोळ्यांनी त्या वळल्या, तर व्हॅनच्या चाकांना पाणी लागलेलं.

धावत जाऊन गाडी चालू केली. मागची चाकं गरगर फिरली आणि खाली रुतली. बाईंनी पोतं घातलं, ताटलीनं वाळू उकरली, पुन्हा प्रयत्न केला. दर लाटेला पाणी वर चढत होतं. पलीकडे गावची रापण चालली होती, बाया-माणसं मिळून जाळ्याचे दोर ओढत होती. एक हाक पुरली असती. पण हाक मारली की वेंगुर्ला संपलं, सगळंच संपलं. नाही मारली तर तातेरावांनी भरलेली गादी समुद्रात जाणार होती. त्यांनी गादीकडे एकदा बघितलं आणि अख्खं बसस्टँड गाजवलेल्या आवाजात हाक दिली.

"ओ भाऊ! ओ ताई! या हो जल्दी!"

रापणवाल्यांनी आपले दोर खुंट्यांना बांधले आणि सगळेच्या सगळे धावत आले. एका म्हातारीनं व्हॅनकडे बघून विचारलं, "गाडयेक आंघोळ घालूक आणलंस काय गो?" हसत हसतच त्यांनी जादाचा दोर व्हॅनला बांधला आणि एका सुरात ओढून गाडी कोरड्यावर काढली. केशरबाई आभार मानायला लागल्या तर म्हातारी म्हणाली, "आभार रव्हांदे. आता आमची रापण ओढ." मग बाईंनी पदर खोचला आणि जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत दोर ओढला. रापणीत दोराला हात लावला त्याला वाटा मिळतो, अशी तिथली रीत. बाईंच्या वाट्याला बांगडे आले.

व्हॅनपाशी बसून त्यांनी बांगडे साफ केले. मदत मागितल्याचं घरी कुणालाच कळलं नसतं. पण ज्यांनी नवऱ्याला तिकीट फाडलं त्या स्वतःला फुकट कशा सोडणार? त्यांनी जालन्याला फोन लावला.

"पायल, गाडी फसली होती. मदत मागितली मी. सकाळी परत फिरते."

"तुला काही लागलं का?" पायलनं पहिलं तेच विचारलं.

"न्हाई. गादीसुद्धा भिजली न्हाई." मग त्यांनी सगळं सांगितलं, गरुडापासून बांगड्यांपर्यंत.

"किती जण आल्ते ओढायला?"

"कुणी मोजलंय? अख्खी रापण आल्ती. आपलं काम टाकून. म्हाताऱ्या बायासुद्धा."

 

"मंग जा तू पुढं," पायल म्हणाली. "मला वाटलं, तू तिथं एकटी हाईस."