आमेन न म्हटलेली साक्ष

विवाहित स्त्रीची खरी वेदी म्हणजे तिची चूल. हे वाक्य आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला माझ्याच स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ऐकवलं. आमच्याकडे चूल नाही, गॅस आहे, आणि त्या वेळी त्यावर माझे पती चहा करत होते.

मी नालछ्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स. घर धारला. रोजची बस. लग्नाला अकरा वर्षं झाली, नोकरीला तेरा. मंडळीत कुणी उघड काही म्हणत नव्हतं, कारण संध्याकाळी मी घरी परतायचे. मग देवासला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली. अवघड बाळंतपणांचं प्रशिक्षण. तिथेच राहायचं. त्यानंतर मी जवळ गेले की बायकांचं बोलणं थांबायला लागलं. प्रभुभोजनाची भाकर कापायची माझी पाळी मला न विचारता दुसरीला गेली.

बुधवारी दोघं घरी आले. पाळकसाहेब आणि मंडळीचे सेक्रेटरी काका. काका जन्मापासून धारचे, पाळकसाहेब महाराष्ट्रातून आलेले. पाळकसाहेब रागावले की आवाज चढवत नाहीत, उतरवतात. त्या दिवशी ऐकू यावं म्हणून मला पुढे वाकावं लागलं.

"भगिनी, नवरा स्वतः चहा करतो आहे. हे बघून प्रभूला काय वाटत असेल?"

मी म्हटलं, पवित्र शास्त्रात जांभळं कापड विकणारी एक बाई आहे. मंडळी तिच्याच घरी जमायची.

"ती बहुधा विधवा होती."

बहुधा. माझे पती गाळणी हातात धरून तसेच उभे राहिले.

काकांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. माझी साक्ष. रविवारी उपासनेत वाचायची. 'मी अहंकाराच्या वाटेने जात होते' अशी सुरुवात. देवासला जाणार नाही, नोकरीही सोडते, हा शेवट. अक्षर पाळकसाहेबांचं, 'मी' तेवढा माझा.

"देखो सूनबाई," काका म्हणाले, "नाही वाचली तर मंडळीच्या यादीतून नाव जाईल. मग कबरस्तानात जागा नाही मिळत. मैं तो नियम बता रहा हूँ, बुरा मत मानना. तसंही जुन्यात चारच जागा उरल्यात. नवीन जागेची फाईल कचेरीत अटकून पडली आहे."

चहा दोघांनीही पूर्ण संपवला.

ते गेल्यावर पती म्हणाले, "वाचून टाक ना. कागदच तर आहे." मग कप विसळता विसळता, माझ्याकडे न बघता, "माझी आई तिथेच आहे."

रविवारी पाळकसाहेबांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि माझ्यासाठी प्रार्थना केली. नाव घेतलं नाही. "जिचं घर उघडं पडलं आहे, जिच्या नवऱ्याला हाताने वाढून घ्यावं लागतं, त्या भगिनीला, हे प्रभू, लाज दे."

लाज दे.

प्रार्थनेत अपमान केला की उत्तर देता येत नाही. डोळे मिटलेले असतात, आणि बोलणं देवाशी चाललेलं असतं. सगळे एकदम आमेन म्हणाले. माझी नऊ वर्षांची मुलगी शेजारी होती. सवयीने तीही म्हणाली.

मी डोळे उघडले. तेवढंच झालं.

मग मला पुढे बोलावलं. आमच्याकडे रीत आहे. साक्ष देणारा आमेन म्हणेपर्यंत मधे कुणी बोलत नाही, पाळकसुद्धा नाही. एका आजोबांनी एकदा आपल्या हर्नियाची साक्ष पाऊण तास दिली होती. सगळे बसून होते.

मी म्हटलं, "हा कागद पाळकसाहेबांचा आहे, त्यांना परत देते. माझी साक्ष अशी. पावसाळ्यात नालछ्याला एका बाईचं बाळ आडवं आलं. गाडी यायला दोन तास लागले. काय करायचं ते मला येत नव्हतं. मी फक्त तिचा हात धरून बसले. बाळ गेलं. ते शिकायला मी उद्या देवासला जाते आहे. लाज मला त्या दोन तासांची आहे. दुसरी कुठलीच नाही."

आणि आमेन म्हटलं नाही.

मुलीचा हात धरला आणि चालत दाराकडे निघाले. पाळकसाहेब उठून उभे होते, माझ्या आमेनची वाट बघत. पेटीवाल्याने पट्ट्यांवर बोटं ठेवली, पुन्हा उचलली. काका घड्याळाकडे बघत होते. पती जागेवरच बसून राहिले. माझ्या पावलांचा आवाज मला शेवटपर्यंत ऐकू आला.

सोमवारी मी देवासला हजर झाले. महिन्याभरात नाव कमी केल्याचं पत्र आलं. काकांनी सही केली होती, आणि खाली आशीर्वाद.

नाव परत घाला म्हणून मी अर्ज करणार नाही. दुसऱ्याने लिहिलेला 'मी' पुन्हा वाचणार नाही. माझ्या मुलीला सवयीने आमेन म्हणू देणार नाही. सहा महिने संपले की नालछ्याला, त्याच खोलीत, त्याच टेबलापाशी परत उभी राहणार.

कबरस्तानातल्या चार जागांपैकी तीन आता भरल्या. नवीन जागेच्या फायलीवर सही व्हायची आहे. ती करणाऱ्या अधिकारी बाई आहेत. विवाहित. नोकरीसाठी त्या धारला, नवरा देवासला असतो.