झेडची खुर्ची

“वैशाली गेली…” असा फोन आला, तेव्हा मी कारखान्यात कॉम्प्युटरसमोरच बसलो होतो आणि तिनंच लावलेल्या घरांपैकी एक घर उघडत होतो. घर म्हणजे फोल्डर. हा शब्दही तिचाच.

मंगळवार पेठेतली ही मुलगी नव्वदच्या दशकात आमच्या पंपांच्या कारखान्यात प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून आली. आवाज असा, की ओतशाळेतल्या भट्टीनंही दबकून जळावं! काही वर्षांनी मालक झुंजाररावांनी मोठ्या हौसेनं प्रोजेक्ट सांभाळायचं सॉफ्टवेअर आणलं आणि त्यातली रचना स्वतः लावली. सगळ्यांत वर ‘साहेब’ नावाचा फोल्डर. त्यांच्या पोटात थोरले इंजिनिअर, त्यांच्या पोटात धाकटे, आणि पार तळाला पॅकिंगचा अंकुश. स्टोअर सांभाळणारा मी मधोमध; माझीही छाती फुगलेली. फक्त पंप कुठं सापडेना! एकाच पंपाचे नकाशे तीन माणसांच्या पोटात. आणि सोमवारी गिऱ्हाईक येणार होतं, काम कुठवर आलंय ते पडद्यावर बघायला. दिसलं नाही, तर ऑर्डर हातची जाणार.

वैशालीनं पडदा पाहिला नि कमरेवर हात ठेवले. “साहेब, ह्यो कारखाना हाय का मानपानाची पंगत?” तिचं म्हणणं सोपं होतं. प्रत्येक पंपाला एक घर. घरात खोल्या : नकाशे, ओतकाम, जोडणी, पॅकिंग. ज्याचं जे काम, त्यानं त्या खोलीत जायचं.

“आन् आम्ही कुठं?” साहेबांनी विचारलं.

“माणसं समदी एका रांगेत. इंग्रजी अक्षरांप्रमाणं.”

साहेबांनी बोटांवर एबीसीडी म्हणून पाहिली. “म्हंजे अंकुश पहिला आन् मी, झुंजारराव, झेड? पार शेवटी?”

“व्हय की!”

आम्ही सगळे हसू दाबत छताकडं बघू लागलो. साहेब लालबुंद. तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “उतरंड कामाची लावू, साहेब. माणसांची आमच्या आज्ज्यानं सोसली… ती माझ्या हातनं लावून घेऊ नका.”

मग साहेब उठले आणि आपली खुर्ची तिच्याकडं सरकवली. “बस हितं. लाव.”

सोमवारी गिऱ्हाइकानं पंपाचं नाव घेतलं, वैशालीनं घर उघडलं, खोली उघडली, आणि चहा गार व्हायच्या आत ऑर्डर पक्की! पुढं तिनं अख्खा कारखानाच असा लावला. दुसरीकडचे इंजिनिअर बघायला यायचे आणि मी गाइडच्या थाटात मिरवायचो, “या पावणं, ही आमच्या वैशालीची पेठ!”

परवा तिच्या पुण्यानुमोदनाला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत साहेबांसाठी खुर्ची राखलेली. काठी टेकत ते आले, रांगेवरून नजर फिरवली, अंकुशला दंडाला धरून त्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः दारापाशी, चपलांशेजारच्या शेवटच्या खुर्चीकडं निघाले. एक कार्यकर्ता धावला, “साहेब, तिकडं कुठं? पुढं या की!”

“गप बस,” साहेब म्हणाले. “मी झेड हाय. माझी जागा तिनं ठरवून ठेवलीया.”