नावानिशी छापलेली बातमी

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही वाशिमहून एक साप्ताहिक काढत होतो. संपादक वकील होते. बातम्या मी आणायचो. मोठ्या दैनिकांना आमचा भाग मंत्री आला की तेवढ्यापुरता दिसे. बाकीचं आपण छापू, असं वकीलसाहेब म्हणत. माझा त्यावर विश्वास होता.

केनवडकडे खडी फोडायचं सरकारी काम निघालं होतं. तिथे आमच्या बौद्ध बायांना रांजणाला हात लावू देत नाहीत, मुकादमाचा माणूस वरून ओंजळीत पाणी ओततो, तेही त्याच्या मनात आलं तर, असं कानावर आलं. मी गेलो. बाया मान खाली घालून खडी फोडत राहिल्या. एकच उठली.

"लिवा भाऊ. अन् माह्यं नाव टाकजा."

"त्रास देतील बाई."

"बिननावाचं असलं तं खोटं म्हनतीन ना!"

नावानिशी छापलं. अंक हातोहात संपला, पार शेलूबाजारापर्यंत गेला. मग चौकशीला अधिकारी आला. मुकादमाच्या ओट्यावर चहा घेत, त्याच्यादेखतच त्याने बायांना विचारलं. सगळ्या गप्प. ही तेवढी बोलली. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं.

मी तेही लिहून दिलं. पण मुकादमाचा सासरा तालुक्याचा पुढारी, आणि वकीलसाहेबांचे निम्मे अशील त्याच्याच शब्दावर येणारे. माझा मजकूर काढून त्या जागी नाट्यस्पर्धेचं वर्णन लागलं, फोटोसकट.

"साप्ताहिक जगलं तर पुढेही लिहिता येईल," ते म्हणाले. "एका बाईपायी बंद पाडू?"

"तिच्याच नावावर अंक खपला ना?" मी म्हणालो. त्यांनी विड्याच्या पानाला चुना लावायला घेतला.

बाजाराच्या दिवशी ती कचेरीत आली. वाचता येत नव्हतं. अंक माझ्यापुढे धरला.

"माह्यी बातमी कुठी हाये?"

"नाही छापली."

"काहून?"

मी वकीलसाहेबांकडे पाहिलं. "जागा नव्हती बाई," ते म्हणाले.

तिने नाटकातल्या राजाच्या फोटोवर बोट ठेवलं. "याले बरी भेटली."

मी तिच्यासोबतच बाहेर पडलो, तो कायमचा. तहसिलीत दोघांनी खेटे घातले. काम काही मिळालं नाही. शेवटी ती नवऱ्याबरोबर मजुरीला परमुलखात गेली. परतल्याचं ऐकलं नाही.

साप्ताहिक चाललं, चांगलं चाललं. निर्भीड संपादक म्हणून वकीलसाहेबांचा सत्कार झाला. मी तेव्हा वाशिमजवळच्या मालेगावात मास्तर होतो. बोलावणं आलं होतं. गेलो नाही.