उजवं पान

अक्का, माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल आणि अक्षर तर कोंबडीने उकिरडा उकरावा तसं आहे. त्याची आधीच माफी मागते. तू थोरली असून शाळेत गेली नाहीस, घरातलं काम ओढलंस, म्हणून मी चौथीपर्यंत तरी गेले. त्यानंतर पेन हातात आलं ते रेशनच्या कागदावर सही करण्यापुरतं. तुला वाचता येत नाही, मग माफी कोणाची, असं तू विचारशील. ही वही माझी हर्षदा वाचेल आणि तुला हातांनी सांगेल. लाज वाटते ती तिचीच. वही द्यायची की नाही तेही अजून ठरत नाही. मी डाव्या पानावर लिहिते आणि उजवं कोरं सोडते. ही रीत तिच्या इंग्रजीच्या वर्गातली आहे.

जामनेरच्या स्टँडवरची ती सकाळ तुला आठवत असेल. हर्षदाचे वडील गेल्यापासून आम्ही मायलेकी तुझ्याच घरात होतो, आणि आता बारावी झालेल्या पोरीला घेऊन मी धुळ्याला निघाले होते. तिथल्या कॉलेजात ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी वेगळा वर्ग निघाला होता. भाऊजींनी एक वर्ष कबूल केलं होतं. इंग्रजी सुटलं तर पुढे शिका, नाही तर या परत आणि पोरीचं लग्न लावून टाका, असं त्यांचं म्हणणं. तू म्हशीची वगार विकलीस आणि पैसे रुमालात बांधून माझ्या हातात दिलेस. कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ दिलंस, बियाण्याची रिकामी कापडी पिशवी धुऊन, तिच्यात भरून. त्या पिशवीवर इंग्रजी अक्षरं होती. धुऊनही ती गेली नव्हती.

"जाय व बेबी," तू म्हणालीस. "मांगं पाहू नको."

मग तू खिडकीशी आलीस आणि हर्षदाशी हातांनी बोलायला लागलीस. आपल्या घरातले हात. कानाची पाळी धरली की तू, कपाळावर बोट टेकलं की मी, आणि भाकरी थापून झाल्यावर पीठ झटकतो तसे दोन्ही तळवे झटकले की 'झालं, मिटलं'. यातले निम्मे हात तूच काढलेले, ती पाळण्यात होती तेव्हापासून. तीही भराभर तुला काही सांगायला लागली. सगळी गाडी आमच्याकडे वळून बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिचे दोन्ही हात धरले आणि मांडीवर दाबून ठेवले. गाडी निघाली. एवढं मी केलं, आणि जळगाव यायच्या आत विसरूनही गेले.

धुळ्यात आम्ही देवपुरात एक खोली घेतली. सकाळ-संध्याकाळ मी मुलींच्या मेसमध्ये भाकरी थापायचे. आपल्याकडून दीडशे किलोमीटरही नाही, पण बोलणं वेगळं. घरमालकीण मला ऐकून हसायची आणि म्हणायची, "हाई काय बोलस माय तू? तुन्ही पोरनं समजस, तुन्हं समजत नही." मी आणखीच गप्प झाले. नळावर पाणी भरतानासुद्धा मान खाली.

वर्गात नऊ मुलं होती. हर्षदा मला सोडेना म्हणून मॅडमनी मला मागच्या बाकावर बसू दिलं. मॅडम धुळ्याच्याच, ऐकणाऱ्या, पण त्यांचे हात असे चालायचे की बघत राहावं. ही मुलं आपसात जे बोलतात ती त्यांची वेगळी भाषा आहे अक्का, नुसते इशारे नाहीत. ती त्यांची पहिली भाषा, लिहायची मराठी दुसरी, आणि इंग्रजी तिसरी, परक्या गावासारखी. हर्षदाला तर पहिलीही येत नव्हती. तिला आपल्या घरातलेच हात येत होते आणि ते त्या वर्गात फक्त मला कळत होते. आवडीने जेवायला बसावं आणि ताटच वेगळ्या घरचं निघावं, तसं तिचं झालं होतं.

मॅडम फळ्यावर इंग्रजीत एक वाक्य लिहायच्या आणि खाली चार चित्रं लावायच्या. वाक्यात जे लिहिलंय ते चित्र दाखवायचं. हात चालवताना त्यांच्या तोंडूनही मराठीत अर्थ पुटपुटला जायचा, सवयीने. तो मला ऐकू यायचा. मी मागून हर्षदाला सांगायचे. पहिलं चित्र असेल तर कपाळ खाजवायचं, दुसरं असेल तर नाक, मग हनुवटी, मग पदर सारखा करायचा. ती काही ना काही निमित्त काढून मागे वळायची आणि बरोबर चित्रावर बोट ठेवायची. दोन महिने तिचं एकही उत्तर चुकलं नाही. मुलं हात वर करून पंजे हलवायची. त्यांच्या टाळ्या अशा असतात. मला वाटायचं, आपली पोर हुशार निघाली. आणि ते मला खरंच वाटायचं, मी स्वतःच सांगत असूनही.

मग लेखी चाचणी झाली. मला बाहेर बसवलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिचा पेपर माझ्यापुढे ठेवला. अक्षर मोत्यासारखं, एक खाडाखोड नाही. मी खूश होऊन बघत होते, कारण मला काय कळणार? मॅडम म्हणाल्या, हिने प्रश्नपत्रिका उतरवून काढली आहे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, वरच्या सूचनांसकट. उत्तर एकही नाही.

आपल्या गावच्या शाळेत तिने बारा वर्षं हेच केलं होतं. फळ्यावर जे असेल ते उतरवायचं. दहावी-बारावीच्या पेपरांना सवलतीचा लेखनिक मिळाला, त्याने लिहिलं आणि ती सुटली. गुरुजी वही बघून शाबासकी द्यायचे, तू तिच्या अक्षराचं कौतुक सगळ्या गल्लीत सांगायचीस. तिला वाटायचं, लिहिणं म्हणजे हेच.

"मावशी, उद्यापासून तुम्ही बाहेर बसा," मॅडम म्हणाल्या. त्यांना माझं नाक खाजवणं बहुतेक आधीच कळलं होतं.

मी म्हटलं, तिला माझ्याशिवाय काही समजत नाही.

"पेपरात तुम्ही नसणार," त्या म्हणाल्या. एवढंच.

हर्षदाने घरी येऊन तळवे झटकले. झालं, मिटलं, चल घरी. तिने पिठाची पिशवीसुद्धा रिकामी करून घडी घातली. मला खरं तर परतच यायचं होतं. पण तुझी वगार डोळ्यांपुढे आली. दुसऱ्या दिवशी तिला दंडाला धरून वर्गापर्यंत नेलं आणि आत ढकललं. मी जिन्यावर बसले. बसवेना. उठून खिडकीशी जायचे, परत जिन्यावर, परत खिडकीशी. शिपाई म्हणाला, मावशी, एक तर आत जा नाही तर खाली जा, तुमच्यामुळे मला चक्कर येते.

तीन आठवडे तिने माझ्याकडे नीट बघितलं नाही. पण मी खिडकीतून बघत होते. तिचे हात बदलत होते. त्या मुलांनी तिला त्यांच्यातलं नाव दिलं, खांद्यावरून वेणी मागे टाकल्यासारखा हात. आपले हात ती हळूहळू टाकून देत होती. एक दिवस मला कळलं की ती मैत्रिणीशी बोलून हसते आहे आणि मला त्यातलं अक्षर कळत नाही. घर मी सोडलं असं मी समजत होते. खरं गाव तिने बदललं होतं, आणि मी फक्त सामान घेऊन मागून आले होते.

मॅडमनी प्रत्येकाला एक वही दिली होती. डाव्या पानावर मुलाने इंग्रजीत मनातलं लिहायचं, उजव्या पानावर मॅडम इंग्रजीतच उत्तर देणार. चूक दाखवायची नाही, लाल पेन नाही, नुसतं बोलायचं. हर्षदा महिनाभर मॅडमचंच वाक्य खाली उतरवून द्यायची. मग मॅडमनी सांगितलं, घरातून इंग्रजी अक्षरं असलेली वस्तू आणा. कुणी साबणाचा कागद आणला, कुणी गोळ्यांचं पाकीट. हिने तुझी बियाण्याची पिशवी नेली.

त्या संध्याकाळी ती मॅडमचा हात ओढत मला जिन्यावर शोधत आली आणि वही माझ्या मांडीवर ठेवली. मॅडमना खूण केली, वाचा. मॅडमनी मराठी करून सांगितलं. डाव्या पानावर होतं: "ही पिशवी आमच्याबरोबर आली. आई रडली. मी रडले नाही." उजव्या पानावर मॅडमनी विचारलं होतं, तू का रडली नाहीस? आणि तिने पुढच्या डाव्या पानावर लिहिलं होतं: "मला मावशीला सांगायचं होतं, मी शिकून येईन. आईने माझे हात धरले. सांगायचं राहिलं."

कुठूनही उतरवलेलं नव्हतं ते. मॅडम म्हणाल्या, चुका आहेत, पण सगळं तिचं आहे.

अक्का, अठरा वर्षं मी तिच्यासाठी बोलत होते. दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांत. तिला माझ्याविरुद्ध काही म्हणायचं असेल हे माझ्या मनात कधी आलं नाही. आणि तिने ते म्हटलं ते परक्या भाषेत, मला न येणाऱ्या. मी तिथेच जिन्यावर, जाणारेयेणारे बघत असताना, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि सोडले. मग विचारलं, आणखी काय राहिलं? ती खूप वेळ सांगत होती. निम्मं मला कळलं.

वर्षाच्या शेवटी इंग्रजी सुटलं, काठावर. पुढचं तुला माहीत आहे. आता ती शिरपूरच्या एका ग्रंथालयात कामाला आहे, रोज एसटीने जाते-येते. शनिवारी मॅडमच्या वर्गात नव्या मुलांच्या वह्यांतली उजवी पानं लिहिते. त्या मुलांनी मलाही नाव दिलं आहे. खिडकीच्या चौकटीवर हात ठेवून डोकावल्यासारखं. आधी लाज वाटायची. आता कुणी तसं केलं की मी वळून बघते.

माझं मात्र अजून धड बस्तान बसत नाही. इथे नळावर मी आजही जामनेरवाली, आणि तुझ्याकडे आले की दुसऱ्या दिवशी पाय स्टँडकडे वळतात. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर पत्ता सांगताना अडखळते. आपले ते जुने हात आता साऱ्या जगात तिघींनाच येतात, तुला, मला आणि तिला. कधी कधी वाटतं, तेवढंच काय ते घर.

परवा तुझ्या वगारीच्या पैशांच्या फेडीचा शेवटचा हप्ता द्यायचा होता. मी पिशवी भरली तर तिने माझ्या हातातून काढून घेतली. एकटी जाणार म्हणाली. मी दिवसभर घरात फेऱ्या मारल्या. भाकऱ्या करपल्या. जळगावला गाडी बदलताना कुणी काही विचारलं तर, तुझ्या दारात कुणी नसलं तर. दुपारी फोनवर दोन शब्द आले, पोचले म्हणून, तरी बसवलं नाही.

संध्याकाळी ती दारात उभी राहिली. मी विचारलं, मावशीशी काय बोललीस? तिने सांगितलं, त्या दिवशी खिडकीत राहिलं होतं ते. आणि मावशी? तिने कानाची पाळी धरली, म्हणजे तू. मग तू केलंस तसं, डोळे बारीक करून, दोन्ही तळवे एकमेकांवर सावकाश झटकले.