मासळीच्या पाटीतलं रक्त

माझ्यासारख्यानं लिहावं की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शब्द चुकतील. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण माझा बाप कशानं गेला, हे मी नाही लिहिलं तर दुसरं कुणी लिहिणार नाही.

पालघरला सरकारी प्रयोगशाळा नवीनच सुरू झाली होती. रक्त, थुंकी तपासायची. मंडप घातला होता. मोठे साहेब आले होते. भाषणात म्हणाले, "तपासणी लवकर व्हावी म्हणून नव्या कल्पना हव्यात. कुणीही सांगा. लाजू नका."

मी उभा राहिलो.

"साहेब, आमच्या घिवलीकडच्या दवाखान्यात रक्त काढतात. शिपाई आठवड्यातून एकदाच ते इकडे आणतो. तोवर उन्हानं खराब होतं. आमच्या बायका रोज सकाळी बर्फातली मासळी घेऊन पालघरच्या बाजाराला येतात. बाटली फडक्यात गुंडाळून पाटीत ठेवली, तर त्याच दिवशी इथं पोचेल."

साहेबांनी मला खालीवर पाहिलं. "कुणाचा तू?"

"कोळ्याचा."

"वासावरून वाटलंच." मंडप हसला. "म्हणजे सरकारी नमुने बोंबलांबरोबर पाठवायचे? मग रिपोर्ट काय, रश्शातून द्यायचा?"

पुन्हा हसू. पहिल्या रांगेत माझे शाळेतले विज्ञानाचे गुरुजी होते. 'प्रश्न विचारत जा रे' म्हणणारे. त्यांनी तोंडाला रुमाल लावला होता. खांदे हलत होते. साहेबांना मी विसरलो असतो. गुरुजींचे खांदे नाही विसरलो.

मी खाली बसलो.

आई मंडपाबाहेर रिकामी पाटी घेऊन उभी होती. "काय बोलला सायब?"

"हसला."

"हसूं दे. हसल्यानं बरफ काय वितळत नाय."

बाप बोटीचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या. त्याच उन्हाळ्यात तो बोटीवरून उतरला तापानं फणफणतच. हिवतापाच्या गोळ्या झाल्या. ताप हटेना. दवाखान्यातले डॉक्टर माणूस म्हणून वाईट नव्हते, भित्रे होते. म्हणाले, "विषमज्वर वाटतो. पण त्याचं औषध मोजकं येतं. रिपोर्टशिवाय देता येत नाही." रक्त काढलं. बाटली लाकडी पेटीत ठेवली. शिपाई नुकताच पालघरला जाऊन आला होता. आता पुढच्या आठवड्यात.

आई म्हणाली, "डॉक्टर, मी उद्या बाजाराला जातंय. माझ्याकडं द्या."

"मावशी, मासळीतून? वर कळलं तर माझी नोकरी जाईल."

बाटली पेटीत राहिली. पेटी पत्र्याच्या छपराखाली. तारापूरला अणूतून वीज काढायचं बांधकाम चाललं होतं. आमच्या दारावरून सिमेंटचे ट्रक रात्रंदिवस जात. त्यांच्या धुळीत बाप पडून असायचा. एसटीत बसवून न्यावं, तर मान सावरत नव्हती. एकदा मला म्हणाला, "रगत गेला काय रं पालघरला?"

"गेलं," मी म्हणालो.

गेलं नव्हतं.

शिपाई बाटली घेऊन गेला. रिपोर्ट आला नाही. बाप गेला. तेराव्याला गुरुजी भेटायला आले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मग शेजारच्या हिराआतेच्या सुनेला ताप भरला. पोटुशी होती. तसाच ताप. तीच पेटी. या वेळी मी दवाखान्याच्या दारातच बसलो.

"डॉक्टर, बाटली द्या. दिल्याशिवाय उठणार नाही."

"अरे, तुला नियम माहीत आहे ना?"

"नियमानं माझा बाप गेला."

डॉक्टरांनी पेटी उघडली. मग स्वतःच बाटली फडक्यात गुंडाळली. "ने. पण मी दिली म्हणू नकोस."

आईनं पापलेटं एका बाजूला सारली. मधे बाटली ठेवली, भोवती बर्फ. पाट्या एसटीच्या टपावर चढल्या. पालघरला उतरल्यावर आई बाजाराकडे वळली. मी म्हणालो, "आये, आधी तिथं." पाटी मी डोक्यावर घेतली. बर्फाचं पाणी कॉलेजच्या सदऱ्यावर ओघळत होतं. प्रयोगशाळेत मागच्या दारानं गेलो नाही.

टेबलामागच्या माणसानं नाक मुरडलं. "हे काय?"

"रक्त. मासळीच्या पाटीतून आणलंय. तपासा."

त्यानं फडकं सोडलं. बाटली उजेडात धरली. तिरकी करून पाहिली. "चांगलं आहे," तो म्हणाला. जरा नवलानंच. "संध्याकाळपर्यंत थांबा, सांगतो." मग बाटलीवरची चिठ्ठी वाचून त्याला काहीतरी आठवलं. "घिवलीकडचे ना तुम्ही? तिथल्या एका तांडेलाचा निरोप धाडायचा राहून गेलाय. त्याचं रक्त बाटलीतच नासलं होतं. काही कळलं नाही. दुसरं पाठवा म्हणावं."

आईनं पदर तोंडाशी नेला. पाटी अजून माझ्या डोक्यावर होती. मी ती उतरवली. जमिनीवर नाही, त्याच्या टेबलावर ठेवली.

"त्याचं दुसरं मिळायचं नाही," मी म्हणालो. "गावातल्या बाकीच्यांचं आणू. रोज. ह्याच पाटीतून."