न उघडणारे खंड

गोंडपिपरीच्या कॉलेजात मी ग्रंथपाल. जुन्या मासिकांचे वर्षावर्षाचे खंड बांधायला उन्हाळ्यात एक बाइंडर आला होता. घरची मासेमारी, म्हणून शिवणही जाळ्याच्या गाठीची. प्रत्येक गाठ तो दाताने आवळायचा, आणि खंड तयार झाला की त्यावर स्वतः उभा राहायचा.

मी एक खंड उघडायला गेले, तर तो बोटभरही उघडेना.

“भाऊ, हा वाचायचा कसा?”

“बाई, उघडून उघडूनच तं फाटले होते हे,” तो शांतपणे म्हणाला. “आता नाई फाटत.”

वाचकाची पहिली तक्रार आली की याला बोलावून सगळं उसवायला लावायचं, असं मी चिडून ठरवलं.

सहा वर्षं झाली. मी अजून वाट पाहतेय.