तात्यांचे चार गाळे आणि तिप्पट भाडं

आमच्या चार गाळ्यांत माल कमी आणि किस्से जास्त. माल उधारीवर का होईना, जातो तरी. किस्से मात्र साचतच जातात. त्यातही तात्यांनी भाडं वाढवलं त्या वर्षी इतके साचले, की ठेवायला पाचवा गाळा घ्यावा लागला असता. तोही तात्यांकडूनच!

औंढ्याच्या बस स्टँडजवळ एका रांगेत आम्ही चौघं. माझा फोटो स्टुडिओ, रशीदभाईंचं टेलरिंग, शेवंताबाईंचं चहाचं हॉटेल आणि मारोतीचं सायकलचं दुकान. मालक एकच, तात्या. हिंगोली परभणीतून निघून वेगळा जिल्हा झाला, पेढे वाटून झाले, आणि लगेच तात्या आले.

"फुडल्या म्हैन्यापासून भाडं तिप्पट."

"काहून पण?" मारोतीनं विचारलं.

"काहून म्हंजे? आता आपुन जिल्ह्यात हावोत!"

रशीदभाईंनी मशीन थांबवलं. "तात्या, परभणी भी तो जिल्हाच था!"

आम्ही हसलो. शेवंताबाई हसल्या नाहीत. नवरा गेल्यावर लेकरं घेऊन तांड्यावरून आलेली बाई, त्याआधी सगळी उमर ऊसतोडीत. तिप्पट भाडं म्हणजे हातात पुन्हा कोयता. त्या एवढंच म्हणाल्या, "मी न्हाई जानार फडावर. लेकरायची शाळा हाय हितं."

मला तात्यांचा इतका राग आला, की समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचा फोटो हललेला निघाला. तिथंच ठरलं. वाजवी वाढ देऊ, तिप्पट देणार नाही. आणि चौघांतलं कुणी फुटणार नाही.

* * *

तात्या वाजवी वाढीचं भाडं हातात घेईनात. हिंगोलीचे वकील म्हणाले, "मनीऑर्डर करा, भाडं दिल्याचा पुरावा राहील." तात्यांचं घर आमच्या गाळ्यांच्या मागं, मधे फक्त एक भिंत! आम्ही पाठवायचो, तात्या परत करायचे, आम्ही पुन्हा पाठवायचो. पोस्टमन पार वैतागला.

"अवो, भितीवरून फेकले तरी पोचतेत की पैसे! मला काहून हिंडवून राहिले?"

मारोतीनं त्याच्या सायकलचं पंक्चर फुकट काढून दिलं. म्हणाला, "हिंडा. पैसे पाठवनं आमाला थांबवता येत न्हाई."

* * *

मग आम्ही चौघं पाणी भरायचो त्या मागच्या बोअरला तात्यांनी कुलूप घातलं. दुपारी सवयीनं चहाला येऊन बसले मात्र! शेवंताबाईंनी कप आणून ठेवला. आत कोरडी पत्ती, साखर आणि अद्रकाचा तुकडा.

"हे काय?"

"चहा हाय तात्या. पानी तेवढं तुमच्या कुलपात हाय."

हॉटेलातली माणसं तोंड फिरवून हसली. संध्याकाळी कुलूप निघालेलं होतं.

* * *

एकदा साखरा गावचा एक माणूस एसटीडी बूथ टाकायला जागा बघत आला. तात्यांनी त्याला सांगितलं होतं, एक गाळा खाली होतोय.

"कोनता गाळा खाली होऊन राहिला?" त्यानं मला विचारलं.

मी अदबीनं रशीदभाईंचा गाळा दाखवला. रशीदभाईंनी पाणी पाजलं आणि शेवंताबाईंचा दाखवला. शेवंताबाईंनी चहा पाजला आणि मारोतीचा दाखवला. मारोतीनं ग्रीसचं बोट थेट स्टँडकडं केलं.

"ते बगा, हिंगोलीची गाडी लागली. पळा, जागा भेटंल!"

गडी खरंच पळाला.

* * *

दसरा झाला. एका सकाळी तात्यांचा ट्रॅक्टर दोन गड्यांसह शेवंताबाईंच्या दारात. त्या एकट्या बाई, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून. हुकूम होता, सामान काढून ट्रॉलीत भरा. गडी शेवंताबाईंच्याच तांड्याचे निघाले. माना खाली घालून उभे राहिले.

"उभे काहून? भरा," शेवंताबाई म्हणाल्या आणि पहिलं पातेलं त्यांनीच उचलून दिलं.

ते बघून रशीदभाई उठले. शिलाई मशीन उचललं आणि ट्रॉलीत ठेवलं. मारोतीनं हवा भरायचा पंप, टायर, सगळं चढवलं. मी कॅमेऱ्याचा स्टँड आणि मागचा काश्मीरचा पडदा टाकला. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. उचललेलं खाली ठेवायचं नाही एवढं मनात पक्कं होतं. इंजिन चालूच होतं. शेवंताबाई स्टो कवटाळून सामानाच्या वर चढून बसल्या.

आवाज ऐकून तात्या धावत आले. भरलेली ट्रॉली बघून गडबडले.

"मी फक्त हिचं काढा म्हन्लं होतं! तुमी समदे कुठं निघाले?"

शेवंताबाईंनी वरूनच सांगितलं, "तुमच्या घरी. वसरी लांबरुंद हाय, चौघं मावतो. तिथलं भाडं काय लावता, तेवढं बोला."

सगळा स्टँड गोळा झाला होता. तात्यांनी घराकडं पाहिलं, ट्रॉलीकडं पाहिलं, आमच्या एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. मग ड्रायव्हरवर खेकसले,

"डिझेल काहून जाळून राहिला रे? बंद कर ते इंजिन!"